जात सगळ्यात शेवटी: ग्वाल्हेरच्या घरासाठी कुत्रा निवडताना

“कोणता कुत्रा घ्यावा?” असं विचारणाऱ्याच्या मोबाइलमध्ये बहुधा एक फोटो आधीच असतो. हस्कीचा, गोल्डन रिट्रीव्हरचा, नाहीतर चपट्या नाकाच्या शिह त्झूचा. म्हणजे त्याला सल्ला नको असतो, होकार हवा असतो. माझं उत्तर मग त्याला फारसं आवडत नाही: जात सगळ्यात शेवटी ठरवा. आधी घरातल्या माणसांचा दिवस बघा, मग ग्वाल्हेरचा जून, मग जागा, मग खिसा. एवढ्यातून जे दोन-तीन पर्याय उरतील, त्यांतून जात निवडा. फोटोपासून सुरुवात केली तरी हे सगळे प्रश्न येतातच. फक्त ते पिल्लू घरात आल्यावर येतात आणि भोगावं लागतं त्या पिल्लाला.

घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा, वही-पेन घ्या आणि खालचा क्रम न बदलता पुढे जा. एका रविवारी होण्यासारखं काम आहे.

पहिली पायरी: घराचा दिवस कागदावर मांडा

पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंतचे तास लिहा आणि प्रत्येक तासापुढे घरात कोण असतं ते लिहा. सुट्टीचा दिवस धरू नका, साधा बुधवार धरा. मग तीन कामांपुढे नावं घाला: सकाळी कोण फिरवणार, संध्याकाळी कोण, आणि घरात घाण झाली तर कोण पुसणार. “सगळे मिळून बघू” हे उत्तर चालणार नाही. आपल्या घरांत ‘सगळे’ म्हणजे शेवटी आई, सूनबाई किंवा आजी. ज्या बाईच्या गळ्यात हे काम पडणार आहे, ती नाही म्हणाली तर विषय तिथेच संपवा. मुलांचा हट्ट त्यानंतर.

दोन महिन्यांचं पिल्लू साधारण तीन तास शू धरू शकतं. पिल्लाचं वय जितके महिने त्यात एक मिळवला की तेवढे तास, असा ढोबळ हिशेब आहे. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घराला कुलूप असेल तर पिल्लू आणूच नका. अशा घराने दीड-दोन वर्षांचा, सवयी लागलेला कुत्रा घ्यावा आणि दुपारी कुणीतरी येऊन त्याला बाहेर नेईल अशी सोय आधी लावावी.

मग पुढच्या दहा-बारा वर्षांकडे बघा. “माझा कुत्रा, मी बघेन” म्हणणारा मुलगा दहावीत आहे. दोन वर्षांनी तो शिकायला पुण्याला किंवा बंगळुरूला जाणार, हे आपल्याकडे जवळपास ठरलेलं असतं. कुत्रा मात्र इथेच राहणार, सत्तरीला टेकलेल्या आजोबांच्या हाती. तेव्हा कुत्र्याचं वजन आजोबांच्या मनगटाकडे बघून ठरवा. तीस किलोच्या लॅब्रेडॉरने गल्लीतली गाय पाहून एकदा जोरात ओढ घेतली, तरी म्हातारं माणूस पडतं आणि खुब्याचं हाड मोडतं. वय झालेल्या माणसांनी कुत्रा फिरवायचा असेल तर बारा-पंधरा किलोंच्या वर जाताना दोनदा विचार करा. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर अगदी चिमुकली जातही नको. मुलाच्या हातून तीन किलोचा कुत्रा पडला की त्याचं हाड मोडतं, आणि दुखत असलेला कुत्रा चावतो. जात कोणतीही असो, लहान मूल आणि कुत्रा यांना एकटं सोडायचं नाही.

देवघर आणि स्वयंपाकघराचा विषय आताच काढा. घरात सोवळं असेल, गौरी-गणपतीत पाहुणे येत असतील, तर कुत्र्याने कुठल्या खोलीत यायचं आणि कुठे नाही हे पिल्लू येण्याआधी ठरवा. दारात अडसर म्हणून बसवायची छोटी जाळी सुतार सहज करून देतो. दर आठवड्याला नियम बदलले की कुत्र्याला काहीच कळत नाही आणि आजींचा राग त्याच्यावर निघतो. घरात अंडंसुद्धा येत नसेल तर तेही आधीच बोला. कुत्रा मिश्राहारी असल्यामुळे मांसाशिवाय जगू शकतो, पण वरणभात-पोळीवर त्याचं पोषण होत नाही, आणि दुकानातल्या बहुतेक तयार खाद्यात मांस असतं. पाकीट घरात चालणार आहे का? नसेल तर डॉक्टरांकडून आहार लिहून घ्यावा लागेल, विशेषतः मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लासाठी, कारण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण बिघडलं की हाडं बिघडतात. (आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यातला बेदाणा कुत्र्याला घालू नका. द्राक्षं आणि बेदाण्यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात.)

कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर “या जातीची ॲलर्जी होत नाही” या विक्रेत्याच्या वाक्यावर जाऊ नका. त्रास देणारी प्रथिनं लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असतात. केस कमी झडणाऱ्या कुत्र्यालाही लाळ असतेच. त्या माणसाला ओळखीतल्या कुत्रेवाल्या घरी दोन-तीन वेळा तासभर बसवा. यापेक्षा चांगली परीक्षा नाही.

दुसरी पायरी: जूनच्या दुपारी तो कुठे बसणार?

जातींच्या याद्या बहुतेक थंड देशांत तयार झालेल्या असतात. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर जातो, दुपारी लू वाहते आणि जानेवारीत पहाटे दाट धुकं पडून पारा पाचच्या खाली येतो. जो कुत्रा या दोन्ही टोकांना तग धरेल तोच आपला. म्हणून मी ही पायरी जागेच्याही आधी ठेवते.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांतून थोडासा येतो. अंगातली उष्णता तो बाहेर टाकतो मुख्यतः धापा टाकून: जीभ, तोंड आणि नाकातल्या ओल्या अस्तरावरून हवा जाते, पाणी उडतं, रक्त थंड होतं. म्हणजे नाक जितकं लांब आणि मोकळं, तितकी ही यंत्रणा चांगली. पग, शिह त्झू, बुलडॉग, बॉक्सर यांची नाकं माणसाने पिढ्यान्‌पिढ्या आखूड करत नेली, पण आतलं मांस तेवढंच राहिलं. त्यामुळे श्वासाची वाट अडते. झोपेत घोरणारा पग बघून आपण हसतो, पण तो त्याच्या श्वासाच्या त्रासाचा आवाज असतो. २००३ मधल्या हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर घरोघरी पग आले, आणि दर उन्हाळ्यात त्यांतले कितीतरी धापा टाकत दवाखान्यात येतात.

दुसरी गोष्ट अंगावरच्या केसांची. हस्की, सेंट बर्नार्ड, चाऊ चाऊ यांच्या अंगावर दुहेरी केस असतात, आत दाट लोकर आणि वर राठ केस. “उन्हाळ्यात हस्कीचे केस कापून टाकू” हा उपाय नव्हे. कापल्यावर कातडीला ऊन थेट भाजतं आणि केस पुन्हा नीट येतीलच असं नाही. “आम्ही एसी लावू” असं म्हणणाऱ्यांना मी विचारते: दिवसभर? वीज गेल्यावरही? आणि बर्फात मैलोन्‌मैल धावायला घडवलेल्या कुत्र्याने मार्च ते ऑक्टोबर खोलीत बसून करायचं काय? ग्वाल्हेरला हस्की आणू नये. या एका बाबतीत माझ्याकडे ‘पण’ नाही.

आता तुमच्या घराची चाचणी. मेमधली दुपार डोळ्यांपुढे आणा. कुत्रा घराच्या आतच असायला हवा. पत्र्याच्या शेडमध्ये, गच्चीवर किंवा जिन्याखाली बांधलेला नाही. लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि फरशीची थंड माजघरं कुत्र्यांना फार मानवतात. सिटी सेंटर भागातल्या इमारतीत वरच्या मजल्यावरचा, पश्चिमेला खिडक्या असलेला फ्लॅट रात्री दहालाही तापलेला असतो. कूलर कोरड्या लूमध्ये उत्तम चालतो, पण जुलैत पाऊस आला की हवा दमट होते, कूलरचा उपयोग संपतो, आणि त्याच कारणाने कुत्र्याच्या धापाही कमी पडू लागतात. त्यामुळे पारा ३५ वर उतरला तरी जुलैतल्या दमट दिवसांत चपट्या नाकाच्या कुत्र्याचा धोका टळलेला नसतो.

फिरवण्याची वेळही याच पायरीत ठरते. उन्हाळ्यात सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री साडेआठनंतरच. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. साडेसहाच्या आत उठणारं घरात कुणी नसेल तर भरपूर धावावं लागणाऱ्या सगळ्या जाती इथेच खोडून टाका.

ऊन लागल्याच्या खुणा घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या: काही केल्या न थांबणारी धाप, घट्ट चिकट लाळ, गडद लाल किंवा जांभळट हिरड्या, झोकांड्या, उलटी. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियस असतं. ४१ च्या वर गेलं की जिवाशी येतं. आधी अंगावर पाणी ओतून पंख्याखाली धरा, मग दवाखान्यात न्या, वाटेतही पाणी चालू ठेवा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आत कोंडते. आणि ग्वाल्हेरकरांना सांगायला नकोच, की जूनच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी कढत येतं. या कामासाठी दोन बादल्या घरात सावलीत भरून ठेवाव्या लागतात.

तिसरी पायरी: जागा आणि शेजार

खोल्यांचा आकार लोकांना वाटतो तितका महत्त्वाचा नाही. दिवसातून दोनदा नीट फिरवलेला मोठा कुत्रा दोन खोल्यांत शांत झोपतो, आणि अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा मोठ्या बंगल्यातही वेडापिसा होतो. जिने मात्र मोजा. चिटणीसांच्या गोठीसारख्या जुन्या वस्तीतल्या घरांचे उभे, अरुंद जिने डॅशहुंडसाठी वाईट. लांब पाठ आणि आखूड पाय यांमुळे त्याच्या मणक्यातली चकती सरकण्याचा धोका मुळातच जास्त असतो. म्हातारपणी तीस किलोच्या कुत्र्याला तिसऱ्या मजल्यावर उचलून कोण नेणार, हाही जिन्याचाच प्रश्न. गच्चीचा कठडा कुत्र्याच्या डोक्याइतकाच असेल तर आधी जाळी लावा.

भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या. स्वतःचा फ्लॅट असेल तर सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना तशा आहेत. तरीही कायदा दाखवून शेजारी राहता येत नाही. भिंतीपलीकडे तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर भुंकणारी जात टाळा. शी उचलायची पिशवी आणि पट्टा, या दोन गोष्टींनी निम्मी भांडणं मिटतात.

चौथी पायरी: खिसा

पिल्लाची किंमत हा सगळ्यात छोटा खर्च. खाण्याचा हिशेब असा: तीस किलोच्या प्रौढ कुत्र्याला कोरडं खाद्य दिवसाला साधारण चारशे ग्रॅम, पंधरा किलोच्या कुत्र्याला अडीचशे, सहा किलोच्या कुत्र्याला सव्वाशेच्या आसपास लागतं. म्हणजे महिन्याला बारा किलो, साडेसात किलो आणि पावणेचार किलो. दुकानात जाऊन भाव विचारा आणि गुणाकार करा. औषधांचे डोसही वजनावर ठरतात: जंताचं औषध, गोचिडांच्या गोळ्या, उद्या शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूलसुद्धा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्याकडे गोचिडं फार. त्यांच्यामार्फत एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्ताचे आजार होतात. गोचिडांच्या गोळीचा खर्च वर्षभर धरा.

लांब केसांच्या जातींना पार्लरचा खर्च वेगळा. दिवाळीत गावाला जायचं असेल तर कुत्र्याला ठेवायचं कुठे, त्याचे पैसे किती, हेही आता लिहा. आणि दरवर्षी थोडी रक्कम आजारपणासाठी बाजूला पडेल का ते बघा. पडणार नसेल तर मोठी जात आणि चपट्या नाकाची जात, दोन्ही यादीतून काढा.

पाचवी पायरी: आता जात

आता वहीत चार पानं भरली असतील. पण जातीकडून किती अपेक्षा ठेवायची? २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांवरचा एक अभ्यास आला. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, यातला जेमतेम नऊ टक्के फरक जातीवरून सांगता येतो, असं त्यात दिसलं. आकार, केस, नाक, आजार हे सगळं जात सांगते. स्वभावाचा थोडासा कल सांगते. बाकीचं आई-बाप, पहिले तीन महिने आणि तुमचं घर ठरवतं. म्हणून मी जातींकडे मुख्यतः शरीर म्हणून बघते.

लॅब्रेडॉर. सगळ्यांची पहिली पसंती, आणि माणसाळू म्हणून ती रास्तही आहे. पण पहिली दोन वर्षं तो घर डोक्यावर घेतो, चपला-सोफा चावतो, आणि नीट धावू दिलं नाही तर आणखी चावतो. अनेक लॅब्रेडॉरांत भूक भागल्याची जाणीव मंद करणारा जनुकीय दोष असतो. त्यामुळे ‘बिचारा भुकेला आहे’ असं त्याचा चेहरा कायमच सांगतो, आणि आजी कायम पोळी टाकतात. जाड झालेल्या लॅब्रेडॉरचे खुबे आणि कोपर लवकर जातात. तरुण माणसं, दोन वेळचं फिरणं आणि पोळीवर ताबा असेल तर घ्या. गोल्डन रिट्रीव्हरही याच कुळातला, पण अंगावर दाट केस. केसांचे पुंजके पंख्याखाली उडतात, आणि ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात त्याला दिवसा गार खोली लागतेच.

जर्मन शेफर्ड. हुशार, शिकण्याची हौस असलेला, आणि शिकवलं नाही तर स्वतःच नोकरी शोधणारा. मग तो दूधवाला, पेपरवाला, पाहुणे सगळ्यांना अडवू लागतो. खुब्याचा दोष या जातीत बराच. मागून उतरत्या पाठीचं पिल्लू ‘शो क्वालिटी’ म्हणून खपवतात. मी सरळ पाठीचं घेईन.

इंडियन स्पिट्झ, ज्याला आपण सगळे पामेरियन म्हणतो. खऱ्या पोमेरेनियनहून हा वेगळा, इथल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला. छोट्या आकाराचा पाच-सात किलोंचा भरतो. केस झडतात आणि घंटी वाजली की तो सगळ्या मोहल्ल्याला कळवतो, पण आजी-आजोबांच्या घरासाठी, पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यांसाठी मी याचं नाव वर ठेवते. फॅशन गेली म्हणून त्याला विसरणं बरं नाही. पिंजारलेल्या पांढऱ्या केसांखाली गोचिडं दिसत नाहीत, एवढं लक्षात ठेवून रोज विंचरा.

बीगल. दिसायला गोड, आकार आटोपशीर, मुलांशी चांगला. पण मुळात वासामागे धावणारा शिकारी. नाक जमिनीला लागलं की कान बंद. एकटा पडला की लांब सुरात रडतो, आणि ते रडणं फ्लॅटमध्ये तीन मजले ऐकतात. दिवसभर घरात कुणीतरी असेल तरच.

शिह त्झू. सहा-सात किलोंचा, घरात रमणारा, फार चालावं न लागणारा. म्हणून फ्लॅटवाल्यांना आवडतो. रोज विंचरणं, डोळे पुसणं आणि उन्हाळाभर गार खोली देणं, हे तिन्ही जमणार असेल तर ठीक. पगबद्दल माझं मत वर आलंच आहे.

डोबरमॅन आणि रॉटवायलर पहिला कुत्रा म्हणून घेऊ नयेत. वाईट म्हणून नव्हे. चाळीस किलोच्या कुत्र्याच्या बाबतीत मालकाची छोटी चूकही मोठी पडते. डोबरमॅनमध्ये हृदयाच्या स्नायूचा आजार बराच आढळतो, आणि आपल्या जानेवारीत त्याला स्वेटर लागतो. पिटबुल, रॉटवायलर यांच्यासह २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्याचं पत्र केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने मार्च २०२४ मध्ये राज्यांना पाठवलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द केलं, तरी विषय संपलेला नाही. अशी जात मनात असेल तर आधी नगर निगममध्ये चौकशी करा.

मुधोळ, ज्याला कारवानीही म्हणतात. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाने जपलेली ही सडपातळ शिकारी जात मराठी माणसाला आपली वाटते, ते साहजिक आहे. त्यात आपल्याकडे आणखी एक कारण: झाशीच्या रस्त्यावर टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून आहे, आणि तिथे मुधोळ, रामपूर हाउंड अशा देशी जातींचे कुत्रे तयार होतात. तिथल्याच रिया नावाच्या मुधोळ मादीने २०२४ च्या अखिल भारतीय पोलीस ड्यूटी मीटमध्ये परदेशी जातींना मागे टाकलं. “टेकनपूरला जमतं तर घरात का नको?” असं मग लोक विचारतात. कारण टेकनपूरला त्या कुत्र्यामागे एक जवान असतो, आणि कुत्रा हीच त्याची नोकरी असते. मुधोळला उन्हाचं फारसं काही वाटत नाही, पण त्याला रोज बंदिस्त मैदानात सुसाट धावायला हवं. मांजर, खार, कोंबडी दिसली की तो हाकेला थांबत नाही. अनोळखी माणसाच्या मांडीवर येऊन बसणारा हा कुत्रा नव्हे. अंगावर चरबी नाही, केस आखूड, म्हणून धुक्याच्या दिवसांत त्याला झूल आणि जाड अंथरूण लागतं. मोरार उपनगराच्या पुढे शेत असेल, भोवती कुंपण असेल, तर याच्यासारखा कुत्रा नाही. दुसऱ्या मजल्यावर नको.

आणि देशी. गल्लीतला, ज्याला आता लोक इंडी म्हणतात. पंधरा-वीस किलोंचा, लांब नाकाचा, आखूड केसांचा, कमी आजारी पडणारा. दुसऱ्या पायरीची परीक्षा जो जन्मतःच पास होऊन आला आहे, तो हाच. उणीव नाही असं नाही. तो आपल्या हद्दीबद्दल फार जागरूक असतो, आवाजाला दचकतो, आणि दहा-बारा आठवड्यांपर्यंत माणसांत वावरला नसेल तर पुढे बुजरा राहतो. लहानपणी उचललेलं, किंवा कुणीतरी काही महिने घरात सांभाळलेलं देशी पिल्लू घ्या. गल्लीतला मोकळा प्रौढ कुत्रा एकदम फ्लॅटमध्ये कोंडणं हा त्याच्यावर उपकार नव्हे. तुमच्या चार पानांतून दुसरा कुठलाच पर्याय उरला नसेल तर हा नक्की उरला असेल. माझ्या पाहण्यात बहुतेक ग्वाल्हेरी घरांचा हिशेब इथेच येऊन थांबतो, मग लोक वही मिटून पुन्हा फोटो बघतात.

नर की मादी, यात फार अडकू नका. मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते, नर तेवढा काळ गल्लीभर वास घेत पळू बघतो. पिल्लं नको असतील तर नसबंदीचं योग्य वय डॉक्टरांना विचारा. मोठ्या जातींत ते थोडं उशिराचं असतं.

सहावी पायरी: पिल्लू कुठून आणायचं

बाजाराची स्वतःची भाषा आहे. ‘डबल बोन’ लॅब, ‘डबल कोट’ शेफर्ड, ‘पंच फेस’ शिह त्झू, ‘टीकप’ पॉम. या जाती नाहीत, भाव वाढवायचे शब्द आहेत. डबल बोन म्हणजे बहुधा खाऊ घालून फुगवलेलं पिल्लू, पंच फेस म्हणजे आणखी अडलेला श्वास, आणि टीकप म्हणजे कुपोषित किंवा वयाआधी आईपासून तोडलेलं. केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद हे आई-बापांची वंशावळ सांगतात. तब्येतीची हमी ते देत नाहीत. लॅब्रेडॉर किंवा शेफर्ड घेताना आई-बापांच्या खुब्याचा, पूर्ण वाढ झाल्यावर काढलेला एक्स-रे मागा. विक्रेता हसला तर परत या.

२०१७ च्या श्वानपैदास नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. पस्तीस दिवसांचं पिल्लू हातात देणारे पुष्कळ आहेत. घेऊ नका. शेवटचे ते तीन आठवडे पिल्लू भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचं ते शिकतं, नंतर ते तुमच्या हातांवर शिकेल.

आई बघितल्याशिवाय पिल्लू ठरवायचं नाही, हा माझा एकच हट्ट. “आई गावाला आहे” म्हणजे सौदा संपला. आई माणसांजवळ येते का, हाडं वर आलीत का, जागेला कसला वास येतो, हे बघा. पिल्लांत सगळ्यात आधी अंगावर येणारं आणि कोपऱ्यात दडणारं, दोन्ही सोडा. टाळी वाजवल्यावर दचकून पुन्हा जवळ येणारं निवडा. डोळे-नाक स्वच्छ, पोट फुगलेलं नाही, शेपटीखाली कोरडं. पैसे देताना लिहून घ्या: दोन दिवसांत डॉक्टरांनी आजार सांगितला तर पिल्लू परत.

दत्तक घेत असाल तर सांभाळणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: मुलांसोबत राहिला आहे का, एकटा किती वेळ राहतो, ताटाजवळ गेलं तर गुरगुरतो का. शक्य असेल तर आधी पंधरा दिवस सांभाळायला म्हणून घरी न्या. त्या पंधरा दिवसांत जातीची सगळी चर्चा मागे पडते.

सातवी पायरी: कोणत्या महिन्यात

दिवाळीच्या तोंडावर नको, फटाक्यांनी पिल्लू कायमचं घाबरतं. डिसेंबर-जानेवारीत नको, दोन महिन्यांच्या जिवाला आपली थंडी आणि रात्रीचं उठणं, दोन्ही कठीण. मे-जून तर नकोच. आपल्याकडे सगळ्यात सोयीचा काळ फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य. सहा ते आठ आठवड्यांना लशीचा पहिला डोस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत पुढचे, तीन महिन्यांनंतर रेबीजचा, आणि मग वर्षाला त्याचा बूस्टर. फेब्रुवारीच्या मध्यात आणलेल्या पिल्लाचे डोस एप्रिल सरता सरता, लू सुरू होण्याआधी पूर्ण होतात.

तोवर त्याला रस्त्यावर सोडू नका. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि पिल्लांना दोन-चार दिवसांत मारतो. पण घरात कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन फिरवा: महाराज बाड्याची गर्दी, वरातीचा बँड, टेंपोचे भोंगे, काठी घेतलेले आजोबा, हेल्मेट घातलेला माणूस, सगळं दुरून दाखवा. चौदा आठवड्यांच्या आत जे पाहिलं त्याची भीती पुढे कमी वाटते. पिल्लाचा ओरखडा किंवा दात लागला तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा. डोसचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजवर लावा. नगर निगमच्या नोंदणीला तेच लागतं, आणि दिवाळीत कुत्रा कुठे ठेवायचा असेल तर तिथेही आधी तेच मागतात.